मरणारी पेशी ओळखते कोण?

जाफराबादला पूर्णेच्या काठावर पाय घसरला, गुडघ्याला मुका मार बसला, की ती जागा आधी काळीनिळी पडते, मग हिरवट, मग पिवळी. हा रंग म्हणजे आत चाललेली साफसफाई. सांडलेल्या तांबड्या पेशी महाभक्षक पेशी गिळतात. त्यांतल्या हिमोग्लोबिनपासून आधी हिरवे, मग पिवळे द्रव्य बनते.

पण गिळण्याजोगी, मरणारी पेशी त्यांनी ओळखायची कशी? फॉस्फॅटिडिलसेरीन नावाचा मेद जिवंत पेशी आवरणाच्या आतल्या थरात राखते. मरताना तो बाहेर येतो. हीच ‘मला खा’ ही खूण. महाभक्षक पेशीवरचा टिम-४ हा ग्राही ती थेट पकडतो. मर्टीके हा दुसरा ग्राही मात्र गॅस-६ या मध्यस्थ प्रथिनामार्फत. निरोगी पेशीवरचे सीडी-४७ हे प्रथिन उलट ‘मला सोड’ असे बजावते.

मला थक्क करते ती यातली शांतता. असे गिळताना महाभक्षक पेशी सूज भडकवत नाहीत, उलट ती शमवणारी द्रव्ये सोडतात. मर्टीके निकामी असलेल्या उंदरांत मृत पेशी साचतात आणि ल्युपस या स्वप्रतिकार विकारासारखी लक्षणे दिसतात.

मार न लागताच अंगावर असे काळेनिळे डाग उठू लागले, तर घरगुती लेपावर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा.