तहानलेला भीम आणि आपली मुले

परदेशात वाढणाऱ्या आपल्या मुलांना जेफ किनी यांची ‘डायरी ऑफ अ विम्पी किड’ ही पुस्तकमालिका चांगलीच परिचित आहे. २००७ पासून गाजणाऱ्या या मालिकेचा नायक ग्रेग आळशी, आपमतलबी आणि वेळप्रसंगी मित्रालाही अडचणीत आणणारा आहे. तरीही मुलांना तो जवळचा वाटतो. त्याच्या चुकांत त्यांना स्वतःचे रूप दिसते.

जयंती जवळ आली की याच मुलांना आम्ही बाबासाहेबांचे चरित्र सांगतो. आमच्या कथेतला भीम कधीच घाबरत नाही, कधीच अडखळत नाही. मुले भाषण पाठ करतात, टाळ्या मिळवतात. मात्र त्या भीमाशी त्यांची मैत्री होत नाही. हा दोष आमच्या सांगण्याचा आहे.

बाबासाहेबांनी स्वतःचे बालपण असे रंगवलेले नाही. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनात १९०१ सालचा एक प्रवास आहे. सुमारे नऊ वर्षांचा भीम भाऊ व भाचरांसह साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघाला. मसूर स्थानकावर जात कळताच कोणी गाडीवान तयार होईना. अखेर दुप्पट भाडे देऊन मुलांनीच बैलगाडी हाकली. रात्र झाली. शिदोरी होती, पाणी नव्हते. गाडीवानाच्या सल्ल्याने भीमाने टोलनाक्यावर आपण मुसलमान असल्याचे उर्दूत सांगून पाणी मागितले. तरीही ते मिळाले नाही.

पंचशील म्हणणारी मुले लगेच विचारतील, “म्हणजे बाबासाहेब खोटे बोलले?” या प्रश्नाला आम्ही बगल देऊ नये. ग्रेग स्वतःची कातडी वाचवण्यासाठी खोटे बोलतो. भीमाला घोटभर पाण्यासाठी आपली ओळख लपवावी लागली. ती वेळ त्याच्यावर कोणी आणली, हे मुलांनाच शोधू द्यावे. इथल्या भारतीयांच्या मेळाव्यात कोणी आडनाव विचारले की आपणही क्षणभर थबकतो. मुले ते पाहत असतात.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी राजकारणातील विभूतिपूजेविरुद्ध इशारा दिला होता. आपल्या घरांतही तो लागू आहे. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांच्या चित्रांनी सजलेल्या ‘भीमायन’मध्ये पाण्याची ही कथा आहे. येत्या जयंतीला पाठ केलेल्या भाषणाऐवजी एखाद्या मुलाला हा प्रवास स्वतःच्या शब्दांत सांगू द्यावा, आणि नंतर त्याचे प्रश्न आम्ही ऐकावेत.