चेहऱ्याची जखम दिसते, मेंदूची लपते

सुरतमध्ये पोलिसांनी फेब्रुवारी २०२५ पासून दुचाकीस्वारांच्या हेल्मेटसक्तीची कडक अंमलबजावणी सुरू केली. वास्तविक मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२९ नुसार हेल्मेट देशभर बंधनकारकच आहे. खानदेशातून गेलेली असंख्य मराठी कुटुंबे सुरतच्या लिंबायत, उधना भागांत राहतात. दुचाकी हेच त्यांच्यापैकी अनेकांचे वाहन. गोव्यातही चित्र वेगळे नाही.

अपघातात तोंड रक्ताने माखले की सर्वांचे लक्ष तिकडेच जाते. चेहऱ्याला रक्तपुरवठा मुबलक असल्याने लहान जखमही भयंकर भासते. मात्र जो आघात जबडा वा गालाचे हाड मोडतो, तोच मेंदूलाही इजा पोहोचवू शकतो. म्हणून चेहऱ्याला जबर मार लागलेल्या रुग्णाच्या डोक्याला आणि मानेलाही इजा झाली आहे, असे तपासणी होईपर्यंत गृहीत धरावे.

शुद्ध हरपणे, अपघात न आठवणे, वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, असंबद्ध बोलणे, आकडी, हातापायांतील बळ जाणे ही धोक्याची लक्षणे होत. नाकाकानातून पाण्यासारखा स्राव येणे, दोन्ही डोळ्यांभोवती किंवा कानामागे काळेनिळे होणे, हे कवटीच्या तळाचे हाड मोडल्याचे लक्षण असू शकते. दारूचा वास आला म्हणून गुंगी नशेचीच, असे समजू नये.

अशा वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मान हलू देऊ नये. तोंडात दिसणारे रक्त वा तुटलेले दात अलगद काढावेत. उलटी होत असल्यास डोके, मान व पाठ एका रेषेत ठेवून कुशीवर वळवावे. नाकात बोळे कोंबू नयेत. पाणी, चहा पाजू नये.

इस्पितळात प्रथम श्वासमार्ग व रक्तस्राव पाहिला जातो. त्यानंतर १९७४ साली ग्लासगो येथे तयार झालेल्या मापनपद्धतीने शुद्धीला ३ ते १५ गुण देतात. ८ किंवा कमी गुण म्हणजे इजा गंभीर. गरजेनुसार सीटी स्कॅन होतो. कवटीचा तळ मोडल्याची शंका असल्यास नाकातून नळी घालणे टाळतात. जबड्याची शस्त्रक्रिया बहुधा काही दिवस थांबू शकते. मेंदूतील वाढता रक्तस्राव थांबत नाही.

काही रुग्ण शुद्धीवर येऊन नीट बोलतात आणि काही तासांनी खालावतात. त्यामुळे घरी सोडलेल्या रुग्णाजवळ किमान २४ तास कोणीतरी असावे. वरीलपैकी एकही लक्षण दिसल्यास सकाळची वाट न पाहता इस्पितळ गाठावे.