सोळा मात्रांची जपानी पेटी

तीनताल ज्याने एकदा हातावर मोजला आहे, त्याला ही पेटी पाच मिनिटांत कळेल. पुढच्या कडेला ओळीने सोळा बटणं. पहिली चार लाल, मग चार नारिंगी, चार पिवळी, शेवटची चार पांढरी. ज्या मात्रेवर ठोका हवा तिचं बटण दाबायचं आणि यंत्र सुरू करायचं. दिवा एका बटणावरून दुसऱ्यावर धावतो, दाबलेल्या जागी ठोका पडतो, सोळावी संपली की पुन्हा सम. ओसाकाच्या रोलंड कंपनीतल्या अभियंत्यांच्या डोक्यात तीनताल नव्हता. त्यांच्या डोक्यात चार ठोक्यांचं पाश्चात्त्य माप आणि त्याचे चार-चार तुकडे होते. पण पेटी समोर आली की आपला हात आपसूक टाळी-खाली दाखवू लागतो.

तिचं नाव टीआर-८०८. टीआर म्हणजे ट्रान्झिस्टर ऱ्हिदम. १९८० साली बाजारात आली, १९८३ साली तिचं उत्पादन थांबलं. मधल्या काळात साधारण १२,००० नग बनले. अमेरिकेत डेट्रॉइटच्या नदीकाठी दर मे महिन्याच्या अखेरीस टेक्नो आणि इलेक्ट्रोचा जो महोत्सव भरतो, तो माझ्या लेखी या पेटीचा आणि तिच्या धाकट्या बहिणीचा, म्हणजे टीआर-९०९चा, उरूस आहे.

पेटी बनवली होती साथीसाठी. ढोलवादक परवडत नाही अशा एकट्या-दुकट्या गायकाला किंवा कीबोर्डवाल्याला घरी ठेका मिळावा, गाण्याचा कच्चा आराखडा ध्वनिमुद्रित करता यावा, एवढीच अपेक्षा. आपल्याकडे रियाजाला तालमाला लावतात, तसंच. पण १९८० सालीच रॉजर लिन या अमेरिकन माणसाने एलएम-१ नावाचं यंत्र आणलं होतं, आणि त्यात खऱ्या ड्रमचे ध्वनिमुद्रित आवाज भरलेले होते. किंमत पाच हजार डॉलरच्या घरात. ८०८ची किंमत ११९५ डॉलर, आणि तिच्यात एकही खरा आवाज नव्हता. सगळे आवाज विजेच्या मंडलातून जागच्या जागी तयार व्हायचे.

ते कसे, हे पाहण्यासारखं आहे. किक ड्रमसाठी एका छोट्या मंडलाला विजेचा क्षणभर धक्का दिला जातो. घंटेला टोला मारल्यावर ती जशी घुमत राहते तसं ते मंडल साधारण ५० हर्ट्झच्या आसपास घुमतं आणि हळूहळू विरतं. किती वेळ घुमू द्यायचं, हे एका चकतीने ठरवता येतं. चकती पूर्ण फिरवा, की ड्रम राहतोच कुठे? डग्ग्यावर मनगट दाबून काढलेला घुमारा लांबतच जावा, तसं काहीतरी होतं. टाळीचा आवाज म्हणजे खरखराटाचे एकापाठोपाठ सोडलेले तुकडे. झांजेसाठी एकमेकांशी मुद्दाम न जुळणारे सहा सूर एकत्र करून गाळलेले, आणि त्यांतलेच दोन घेऊन बनवलेली गाईच्या गळ्यातली घंटा. ही घंटा कुठल्याही गाईच्या गळ्यात शोभणार नाही, पण एकदा ऐकली की विसरता येत नाही.

कंपनीचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांनी नंतर एक गंमत सांगितली होती. झांजेतली ती खास चरचर यायची सदोष ट्रान्झिस्टरांमुळे. कारखान्यांनी नापास केलेला माल ते मुद्दाम विकत घ्यायचे. पुढे अर्धवाहकांचं तंत्र सुधारलं, नापास माल मिळेनासा झाला आणि ८०८ बनवणंच अशक्य झालं. जग सुधारल्यामुळे एखादं वाद्य बंद पडावं, हा प्रकार माझ्या तरी ऐकण्यात दुसरा नाही.

खऱ्या ड्रमची नक्कल म्हणून पेटी नापास ठरली. वापरलेले नग जुन्या सामानाच्या आणि गहाणवटीच्या दुकानांत शंभर डॉलरच्या आसपास मिळू लागले. ज्यांच्याकडे स्टुडिओ नव्हता, बँड नव्हता, पैसे तर नव्हतेच, त्यांच्या हाती ती तिथून आली. मुख्यतः अमेरिकी शहरांतल्या कृष्णवर्णीय तरुणांच्या. त्यांना ड्रमसारखा आवाज नकोच होता. १९८२ साली न्यू यॉर्कमध्ये आफ्रिका बंबाटा आणि निर्माता आर्थर बेकर यांनी ‘प्लॅनेट रॉक’ केलं. त्यात जर्मनीच्या क्राफ्टवेर्कची सुरावट आणि खाली ८०८चा ठेका होता. इलेक्ट्रो ही शैली इथून मोजतात. त्याच वर्षी मार्विन गे यांच्या ‘सेक्शुअल हीलिंग’मध्येही हीच पेटी मंद आचेवर वाजत होती.

डेट्रॉइटचं हवामान वेगळं होतं. मोटारींचं शहर, १९५० साली लोकसंख्या साडेअठरा लाख, २००० साली साडेनऊ लाख. कारखाने गेले, मोटाऊन ही गाण्यांची कंपनीही १९७२ साली लॉस एंजेलिसला गेली. उरलेल्या शहरात रात्री रेडिओवर इलेक्ट्रिफायिंग मोजो नावाचा निवेदक क्राफ्टवेर्क आणि फंक एकाच दमात लावायचा. जवळच्या बेलव्हिल गावच्या शाळेतली तीन मुलं ते ऐकत वाढली: हुआन ॲटकिन्स, डेरिक मे, केव्हिन सॉन्डरसन. ॲटकिन्सने व्हिएतनामहून परतलेल्या रिक डेव्हिसबरोबर सायबोट्रॉन ही जोडी केली. त्यांचं ‘क्लिअर’ (१९८३) हे पक्कं इलेक्ट्रो. दोन वर्षांनी मॉडेल ५०० या नावाने त्याने एकट्याने ‘नो यूएफओज’ काढलं. १९८८ साली इंग्लंडमध्ये डेट्रॉइटच्या गाण्यांचा संग्रह निघाला, त्याच्या शीर्षकात ‘टेक्नो’ हा शब्द होता, आणि नाव चिकटलं ते चिकटलंच.

टेक्नो आणि इलेक्ट्रो यांतला फरक विचारला की जाणकार तासभर बोलतात. सोळा बटणांवर तो दोन वाक्यांत दाखवता येतो. टेक्नोत पहिली, पाचवी, नववी, तेरावी या चारही मात्रांवर किक पडते, न चुकता. इलेक्ट्रोत पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर स्नेअरचा फटका पक्का, किक मात्र समेवर पडून मग सातवी, अकरावी अशा आडजागी लपते, त्यामुळे अंग सरळ न डोलता मुरडतं. आपल्या तीनतालात नवव्या मात्रेला खाली येते आणि डग्गा थोडा वेळ गप्प होतो. टेक्नोला खाली माहीतच नाही. मला तो सुरुवातीला कंटाळवाणा वाटायचा तो यामुळेच. पुढे लक्षात आलं की खाली तिथेही असते, फक्त आवर्तनात नसते. सोळा मात्रांचं आवर्तन दोन सेकंदांच्या आतच संपतं. अशी शेकडो आवर्तनं झाल्यावर वाजवणारा किक काढून घेतो, हजारो माणसं अधांतरी लटकतात, आणि मग ती परत येते.

हे जिथे घडतं ते हार्ट प्लाझा हे डेट्रॉइट नदीकाठचं सिमेंटचं पटांगण. १९७५ साली खुलं झालेलं, मधोमध इसामू नोगुचीने घडवलेलं कारंजं. पलीकडच्या काठावर कॅनडातलं विंडसर. २००० सालच्या मे महिन्यात तीन दिवस इथे डेट्रॉइट इलेक्ट्रॉनिक म्युझिक फेस्टिव्हल भरला. प्रवेश फुकट, कलादिग्दर्शक कार्ल क्रेग. गर्दीचे दावे दहा लाखांपर्यंत गेले. आकड्यावर वाद आहेत, गर्दीवर नाहीत. जे संगीत युरोपात स्टेडियमं भरत होतं आणि जन्मगावी अनेकांना ठाऊकही नव्हतं, ते त्या तीन दिवसांत घरी आलं.

घरी आल्यावर घरातली भांडणंही आली. दुसऱ्याच वर्षी आयोजकांनी क्रेगला काढलं, चाहत्यांनी त्याच्या बाजूने गदारोळ केला. २००३ साली डेरिक मेने उत्सव हातात घेतला आणि ‘मूव्हमेंट’ हे नाव दिलं. फुकट उत्सवाचा खर्च कलावंताच्या खिशातून भागत नाही. २००५ साली सॉन्डरसनकडे सूत्रं आली, नाव बदललं आणि पहिल्यांदा तिकीट लागलं. २००६पासून पॅक्सहाऊ ही स्थानिक संस्था तो भरवते आणि ‘मूव्हमेंट’ हेच नाव पुन्हा रूढ झालं आहे. गणेशोत्सव मंडळाच्या वर्गणीच्या बैठकीला बसलेल्या कुणालाही यातलं काही नवं वाटणार नाही. महासाथीमुळे २०२० आणि २०२१ साली खंड पडला, एवढाच.

आपल्याकडे ‘डीजे’ म्हणजे माणूस नव्हे, ट्रॅक्टरमागे रचलेली स्पीकरची भिंत. टेक्नोच्या मंचावर हात महत्त्वाचे. डेट्रॉइटचा जेफ मिल्स तबकड्या फिरवता फिरवता शेजारच्या ९०९वर प्रत्यक्ष ठेका वाजवतो, बटणं चालू-बंद करत, तबलजीने गत रचावी तसा. लॉस एंजेलिसचा इजिप्शियन लव्हर हा जुना इलेक्ट्रोवाला आजही ८०८ मंचावर आणतो आणि डोक्यावर उचलून धरतो. पालखीतला देव दाखवावा तसंच ते दिसतं. उलट डेट्रॉइटच्याच ड्रेक्सिया या इलेक्ट्रो जोडीने तोंड दाखवण्याचंही टाळलं. जेम्स स्टिन्सन २००२ साली वारला, त्यानंतर अनेकांना त्याचं नाव कळलं.

या गोष्टीत मुंबईही आहे, आणि ती ओढूनताणून आणलेली नाही. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात गिटार आणि कीबोर्ड वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ साली एचएमव्हीसाठी दहा रागांची तबकडी केली: ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’. भैरव, तोडी, ललत, यमन, मालकंस, सगळे रोलंडच्या तीन यंत्रांवर. तबल्याच्या जागी ८०८. तबकडी खपली नाही. २०१० साली एका डच संग्राहकाने ती पुन्हा काढली तेव्हा युरोपातले लोक चक्रावले, कारण १९८७ साली शिकागोत जे ‘ॲसिड हाउस’ म्हणून जन्मलं त्याच्याशी हे थेट मिळतंजुळतं होतं. सिंग यांना त्याचे जनक म्हणणं मला पटत नाही. शिकागोच्या पोरांनी ती तबकडी ऐकलेली असण्याची शक्यता जवळपास नाही. सारखेपणा आला तो पेट्या त्याच होत्या म्हणून. उतारवयात सिंग यांना युरोपात कार्यक्रमांची बोलावणी आली. २०१५ साली मुंबईत ते गेले.

त्या तबकडीतला भैरव ऐकाच. फक्त फोनच्या स्पीकरवर नको. किकचा खर्ज त्यातून बाहेर येतच नाही.