आई, आज तू आधी बस!

दोस्तांनो, डोळे मिटा आणि कल्पना करा. रविवारची सकाळ आहे. हॉटेलातल्या बाकड्यावर तुम्ही दाटीवाटीनं बसला आहात. समोर ताटली येते. खाली मोड आलेली मटकी, वर शेव-चिवडा, बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर, बाजूला लिंबाची फोड. आणि वाटीत? वाटीत लालभडक, वाफाळणारा कट! पहिला घास पोटात जातो न जातो तोच कान गरम, नाकाला धार आणि डोळ्यांत पाणी. तरी हात काही थांबत नाही!

काय, सुटलं ना तोंडाला पाणी?

मिसळ एकच, पण गावागणिक तिचे नखरे वेगळे. कोल्हापूरकर झणझणीत कटाबरोबर पावाचे जाड स्लाइस खातात. पुण्यात रश्श्याला ‘सँपल’ म्हणतात आणि मिसळीत पोहेही घालतात. ठाण्याची मामलेदार मिसळ तर तहसीलदार कचेरीजवळ मिळायची म्हणून त्या नावानं प्रसिद्ध झाली. मामलेदार म्हणजे तहसीलदार, बरं का! नाशिककर मिसळीबरोबर पापड आणि दही घेऊन बसतात. आणि प्रत्येक गावाचा दावा एकच : खरी मिसळ आमचीच!

गंमत म्हणजे मिसळीला जिच्यामुळे ठसका येतो ती मिरची आपली नव्हेच. तिचं मूळ अमेरिका खंडात. वास्को द गामा 1498 साली कालिकतला पोचला आणि त्यानंतर पोर्तुगीजांच्या जहाजांतून मिरची आपल्याकडे आली. त्याआधी आपल्याकडे तिखटपणासाठी मिरी वापरत. ‘पाव’ हा शब्दही पोर्तुगीजांचाच!

आता मला सांगा, कटावरचा तो लाल तवंग वर कसा येतो? अगदी सोपं आहे. तेल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून ते तरंगतं. मिरचीचा लाल रंग तेलात विरघळतो, पाण्यात नाही. तिचा तिखटपणा, म्हणजे कॅप्सेसिन नावाचा पदार्थ, तोही तेलातच उतरतो. म्हणजे रंग आणि झणका, दोन्ही वरच्या थरात. खाली राहतो तो फिका रस्सा. एवढं लक्षात ठेवा हं, पुढे लागणार आहे.

आता माझीच एक गोष्ट सांगतो. आम्ही कोल्हापुरात राहायचो. गल्लीच्या टोकाला एक छोटंसं हॉटेल होतं. परीक्षा संपली की बाबा मला तिथं मिसळ खायला न्यायचे. घरी आल्यावर मी आईपुढं तिचं अगदी रंगवून वर्णन करायचो. म्हणून एका रविवारी आईनं घरीच मिसळ केली. मी एक घास घेतला आणि तोंड वाकडं केलं. “हॅ! हॉटेलसारखी नाही लागत!”

पुढच्या रविवारी तिनं लसूण वाढवला. मी नापास केलं. त्याच्या पुढच्या रविवारी तिखट वाढवलं. पुन्हा नापास! शेवटी मी वैतागून म्हणालो, “अगं, तिथल्या कटाला वेगळाच वास असतो. तुला कळत कसं नाही?”

आई भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, “कसं कळणार बाळा? मी कुठं खाल्लीय तिथली मिसळ?”

माझा घास घशातच अडकला. बाबाही गप्प झाले.

पुढच्या रविवारी आम्ही तिघं हॉटेलात गेलो. आईनं दोन घास खाल्ले आणि म्हणाली, “कांदा-खोबरं चांगलं काळपट होईतो भाजलंय. आणि वाटणात तीळ आहेत.” दोन घासांत चोरी पकडली! मग ती अगदी सावकाश खात राहिली. वाढणारे काका कट घेऊन आले तेव्हा तिनं वाटी पुढं केली. घरी कधी तिला असं दुसऱ्यांदा मागून घेताना मी पाहिलंच नव्हतं.

कशी पाहणार? घरी ती आमच्याबरोबर बसायचीच नाही. आम्हाला गरमगरम वाढायचं आणि मग मागून एकटीनं जेवायचं. आठवला ना तो तरंगणारा तवंग? तो आम्हीच पळवायचो. तिच्या वाट्याला तळाचा फिका, गार रस्सा!

म्हणून म्हणतो, हॉटेलातली मिसळ जरूर खा. पण एका रविवारी घरी ती तुम्ही स्वतः करा. चौघांपुरतं प्रमाण देतो. मात्र गॅसपाशी कुणातरी मोठ्या माणसाला उभं करा.

शुक्रवारी रात्री दीड वाटी मटकी भिजत घाला. शनिवारी सकाळी पाणी काढून ती ओल्या फडक्यात घट्ट बांधा. रविवारपर्यंत छान मोड येतील. मग हिंग-हळदीच्या फोडणीत मटकी टाका, पाणी आणि मीठ घालून शिजवा. मऊ व्हावी, पण तिचा लगदा नको.

कटासाठी दोन कांदे आणि अर्धी वाटी सुक्या खोबऱ्याचा कीस वेगवेगळा खरपूस भाजा. चमचाभर तीळ भाजून घ्या. आलं, लसूण घालून सगळं बारीक वाटा. पातेल्यात पाव वाटी तेल तापवा आणि वाटण तेल सुटेपर्यंत परता. आता गॅस बारीक करून दोन मोठे चमचे कांदा-लसूण मसाला घाला. आच मोठी असेल तर मसाला करपलाच म्हणून समजा! लगेच चार वाट्या गरम पाणी ओता, मीठ घाला आणि दहा मिनिटं उकळू द्या. तवंग आपोआप वर येईल.

फार झोंबली तर पाणी पिऊ नका. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. दही खा, त्यातली प्रथिनं ते धरून ठेवतात. आणि तोंड खरंच भाजलं असं समजून घाबरू नका! उष्णता ओळखणारी जिभेवरची जी यंत्रणा आहे, तिलाच मिरची फसवते. हे कोडं उलगडणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना 2021 सालचं वैद्यकशास्त्राचं नोबेल पारितोषिक विभागून मिळालं.

आता शेवटचं काम, सगळ्यात महत्त्वाचं. डाव हातात घ्या. कट ढवळू नका. वरवरचा लालभडक तवंग अलगद उचला आणि पहिली ताटली वाढा. तुमच्या घरी रोज सगळ्यांच्या मागून कोण जेवतं? आई असेल, आजी असेल, काकू असेल. तिला हाताला धरून आणा आणि म्हणा, “आज तू आधी बस!”

ती म्हणेल, “अरे, तुम्ही घ्या आधी, मी बसते मागनं.”

मुळीच ऐकू नका. आणि हो, तिची वाटी रिकामी झाली की तिनं मागायची वाट न बघता पुन्हा कट वाढा!