चीता हेलिकॉप्टर आणि 12,442 मीटरचा विक्रम

विमान किंवा हेलिकॉप्टर किती उंच, किती वेगाने आणि किती दूर गेले, याच्या जागतिक विक्रमांची नोंद एफएआय ही आंतरराष्ट्रीय संस्था ठेवते. 1905 साली स्थापन झालेल्या या संस्थेचे मुख्यालय स्वित्झर्लंडमधील लोझान शहरात आहे. इंजिनाची विमाने ‘सी’ वर्गात आणि हेलिकॉप्टर ‘ई’ वर्गात मोडतात. इंजिनाचा प्रकार आणि उड्डाणाचे वजन यांनुसार पुढे पोटवर्ग पडतात, त्यामुळे हलक्या विमानाची बरोबरी जेटशी केली जात नाही. मोजमाप नियमाप्रमाणे झाले आणि कागदपत्रे तपासली गेली, तरच विक्रमावर शिक्कामोर्तब होते.

विमानांच्या नोंदी 1906 पासूनच्या आहेत. त्या वर्षी 12 नोव्हेंबरला सांतोस-द्युमाँ यांनी पॅरिसजवळ 220 मीटर उड्डाण केले. वेग होता ताशी सुमारे 41 किलोमीटर. 1976 मध्ये अमेरिकेच्या एसआर-71 ने ताशी 3,529 किलोमीटरचा टप्पा गाठला. 1986 मध्ये ‘व्हॉयेजर’ने वाटेत कुठेही न उतरता, हवेत इंधन न भरता पृथ्वीप्रदक्षिणा केली.

हेलिकॉप्टरच्या उंचीच्या विक्रमाचे नाते मात्र थेट भारताशी आहे. हिमालयातल्या चौक्यांसाठी उंचावर चालणारे हेलिकॉप्टर हवे, ही भारतीय सैन्यदलांची मागणी लक्षात घेऊन फ्रान्समध्ये ‘लामा’ तयार झाले. ‘अलुएत-2’चा हलका सांगाडा आणि ‘अलुएत-3’चे इंजिन व पाती यांचा त्यात मेळ होता. 17 मार्च 1969 रोजी ते प्रथम उडाले.

उंची वाढते तशी हवा विरळ होते. पात्यांना उचल कमी मिळते आणि इंजिनाची ताकदही घटते. बारा हजार मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या जेमतेम पाव भाग उरते. 21 जून 1972 रोजी वैमानिक झाँ बुले यांनी वजन शक्य तितके कमी केलेले लामा 12,442 मीटरपर्यंत नेले. उतरताना कडाक्याच्या थंडीत इंजिन बंद पडले. तेव्हा खालून येणाऱ्या हवेच्या झोतावर पाती फिरती ठेवून, म्हणजे ऑटोरोटेशनने, ते सुखरूप जमिनीवर आले.

हेच लामा बंगळुरूच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेडने परवान्याखाली ‘चीता’ या नावाने बनवले. सियाचीनमध्ये सहा हजार मीटरच्या आसपासच्या चौक्यांना रसद पोहोचवणे आणि जखमी व आजारी जवानांना खाली आणणे, ही कामे चीताने वर्षानुवर्षे केली. विक्रमी उड्डाणात यंत्र रिकामे असते. चौकीकडे निघालेल्या हेलिकॉप्टरमध्ये माणसे आणि सामान असते. म्हणून विक्रमाची उंची आणि कामाची उंची यांत मोठे अंतर राहते. वैमानिकाला सुरक्षिततेसाठी हाताशी लागणारी ताकद याच अंतरात शिल्लक असते, आणि विक्रमाचे खरे मोलही त्यातच आहे.