साडेआठ सेंटिमीटरचं अंतर

बुखारेस्टहून किशिनाऊला जाणाऱ्या रात्रगाडीचं नाव ‘प्रिएतेनिया’, म्हणजे मैत्री. प्रुत नदी ओलांडून उंगेनी आलं की ही मैत्री अधांतरी लटकते. प्रवासी बर्थवर लवंडलेले असतात, डबे जॅकवर उचलले जातात आणि खालची चाकं बदलतात. रोमानियाच्या रुळांमधलं अंतर 1435 मिलिमीटर, मोल्दोवाच्या सोव्हिएत मापाच्या रुळांमधलं 1520. फरक साडेआठ सेंटिमीटरांचा. तिथला पूल गुस्ताव आयफेलचा, 1877 सालचा. तो खुला झाल्यावर काही दिवसांतच झारचं सैन्य त्यावरून तुर्कांशी लढायला गेलं.

दोन्ही काठांवर भाषा एकच. 1918 ते 1940 देशही एक होता. पुढे सोव्हिएत संघाने पूर्वेचा काठ गिळला. 6 मे 1990 रोजी काही तासांपुरता पासपोर्टाविना प्रवेश मिळाला, तेव्हा रोमानियातून आलेल्या लोकांनी प्रुतमध्ये फुलं सोडली. ‘फुलांचा पूल’ म्हणून तो दिवस आजही आठवला जातो. पण फुलांनी चूल पेटत नाही. 1991 मध्ये स्वतंत्र झालेल्या मोल्दोवाचा गॅस रशियाचा होता. वीज बव्हंशी कुचुरगान केंद्राची. ते मोल्दोवापासून फुटलेल्या ट्रान्सनिस्ट्रियात, रशियन कंपनीच्या मालकीचं आणि रशियन गॅसवर चालणारं. वाइनचं मोठं गिऱ्हाईकही रशियाच. त्याने 2006 मध्ये वाइन अडवली, 2013 मध्ये पुन्हा अडवली, 2014 मध्ये फळं. कारण दर वेळी दर्जाचं सांगितलं जाई, पण 2013-14 मध्ये मोल्दोवा युरोपीय संघाशी करार करत होता, हा योगायोग मानायला मन फार भोळं लागतं.

रोमानियाचा हात पुढे आला तो याच काळात. 2010 मध्ये 10 कोटी युरोंच्या अनुदानाचा करार झाला. परतफेड नाही. त्या पैशांतून शेकडो बालवाड्यांची डागडुजी झाली. 2014 मध्ये मोल्दोवाच्या तीन बँकांतून सुमारे 1 अब्ज डॉलर गायब झाल्यावर मात्र रोमानियाने दिलं ते 15 कोटी युरोंचं कर्ज, तेही हप्त्याहप्त्याने आणि सुधारणांच्या अटी घालून. भावाला उसने देतानाही कागद करावा लागतो, हे आपल्याकडच्या घराघरात ठाऊक आहे.

खरी गोष्ट गॅसवाहिनीची. 27 ऑगस्ट 2014, मोल्दोवाचा स्वातंत्र्यदिन. रोमानियातलं याश ते उंगेनी ही 43 किलोमीटरची वाहिनी वाजतगाजत सुरू झाली. आणि मग वर्षानुवर्षं जवळजवळ रिकामीच पडून राहिली, कारण उंगेनीपुढे राजधानी किशिनाऊपर्यंत नळच नव्हता! 2018 मध्ये रोमानियाच्या सरकारी ट्रान्सगाझने मोल्दोवाची वेस्टमोल्दट्रान्सगाझ विकत घेतली आणि पुढे तो टाकायला घेतला. त्याच वर्षी बांका ट्रान्सिल्व्हानियाने किशिनाऊच्या व्हिक्टोरियाबँकेचा ताबा मिळवला. याला मदत म्हणायचं की गुंतवणूक? मला वाटतं, सरकारी कंपनीने घातलेल्या नळाबाबत हा प्रश्नच फसवा आहे. नफा सावकाश येणार हे माहीत असूनही पैसा घातला जातो, आणि शेजाऱ्याच्या चुलीची तोटी आपल्याकडे राहते. दोन्ही खरं.

आता मोल्दोवाच्या निर्यातीचा सर्वांत मोठा ग्राहक रोमानिया आहे. युक्रेन युद्धाच्या काळातले आकडे मात्र जरा जपूनच वाचावेत. त्यांत मोल्दोवातून नुसताच पुढे गेलेला मालही मोजलेला आहे.

ऑक्टोबर 2022 मध्ये रशियन क्षेपणास्त्रांनी युक्रेनची वीजकेंद्रं फोडली. युक्रेनची निर्यात थांबली आणि कुचुरगाननेही पुरवठा आखडता घेतला. तेव्हा रोमानियाने आपल्याच लोकांसाठी ठरवलेल्या दराने, मेगावॉट-तासाला 450 लेई, मोल्दोवाला वीज विकली. बाजारभाव त्याहून बराच वर होता.

पण ती वीज ज्या मुख्य वाहिनीने येत होती, ती रोमानियातल्या इसाक्चाहून मोल्दोवातल्या वुल्कानेश्तला येऊन पुढे थेट कुचुरगानला जाते. म्हणजे भावाने पाठवलेली वीजसुद्धा ट्रान्सनिस्ट्रियातून वळसा घेऊन किशिनाऊत पोचायची. 15 नोव्हेंबरला युक्रेनवर हल्ला झाला, ही वाहिनी आपोआप बंद झाली आणि मोल्दोवात ठिकठिकाणी अंधार झाला. रोमानियात दिवे चालू होते.