रविवार कुणाचा?

नाना पेठेत दुचाकीचा कुठलाही सुटा भाग मिळतो, असं पुण्यात छातीठोकपणे सांगतात. क्लच प्लेट, चेन-स्प्रॉकेट, दहा वर्षांपूर्वी बंद झालेल्या मॉडेलचं साइड पॅनल; गल्लीत शिरायचं, चार दुकानांत विचारायचं, पाचवा दुकानदार माळ्यावरून काढून देतोच. याच पेठेच्या कडेला, क्वार्टर गेटजवळ, सिटी चर्च आहे. पेशव्यांच्या फौजेतल्या पोर्तुगीज अंमलदारांसाठी सवाई माधवरावांनी जागा दिली आणि १७९२ साली ते उभं राहिलं. तिथून थोडं आत गेलं की गुरुवार पेठेतलं पंचहौद मिशन. टिळक-रानड्यांनी १८९० साली मिशनच्या आवारात चहा घेतला आणि सगळं पुणं ढवळून निघालं, ते हेच. म्हणजे पेठांतलं चर्च जुनं आणि पेठांतलं गाडीवेडही जुनं. दोघांचं जमत नाही ते फक्त एका बाबतीत, रविवारच्या सकाळी.

बायकरचा रविवार पहाटे उगवतो. ताम्हिणी किंवा लोणावळा, वाटेत कुठेतरी मिसळ, आणि ऊन चढायच्या आत घरी. चर्चला जाणाऱ्या घरात नेमक्या त्याच वेळी इस्त्रीचे कपडे बाहेर निघालेले असतात. शर्यतींचंही तेच. ग्रेटर नोएडातली पहिली इंडियन ग्राँप्री ३० ऑक्टोबर २०११ ला झाली, मोटोजीपी भारतची शर्यत २४ सप्टेंबर २०२३ ला, आणि बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडासंकुलात इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी २८ जानेवारी २०२४ ला. तिन्ही दिवस रविवार. इंग्लंडात यावर बराच काळ एक तोड होती. १९५० पासून ब्रिटिश ग्राँप्री सिल्व्हरस्टोनला असली की ती शनिवारी व्हायची, अगदी १९८३ पर्यंत. पुढे टीव्ही आणि जाहिरातदारांपुढे तीही टिकली नाही.

मग श्रद्धा असलेल्या रायडरनं करायचं काय? गेल्या शंभर वर्षांत याचं उत्तर हळूहळू बदलत गेलं. तो बदल मला शर्यतींच्या निकालांपेक्षा जास्त वाचनीय वाटतो.

सुरुवात झाली आशीर्वादानं. मोटारी नव्या होत्या तेव्हाच, विसाव्या शतकाच्या आरंभी, फ्रान्समधल्या नॉर्मंडीत सेंट ख्रिस्तोफरच्या नावाच्या एका गावी लोक गाड्या घेऊन जायला लागले. बाळ येशूला खांद्यावर घेऊन नदी पार करणारा हा संत प्रवाशांचा पाठीराखा, त्यामुळे मोटारवाल्यांनी त्याला आपलंसं करणं ओघानंच आलं. १९६९ साली रोमनं आपल्या पंचांगातून त्याचा सण सार्वत्रिक यादीबाहेर काढला, तरी डॅशबोर्डवरचं त्याचं पदक काही उतरलं नाही. नवी गाडी घेतली की ती चर्चच्या आवारात न्यायची, फादरनी पवित्र पाणी शिंपडून छोटीशी प्रार्थना म्हणायची, ही रीत पुण्याच्या कॅथलिक घरांत आजही आहे. दसऱ्याला हँडलला झेंडूचा हार घालणाऱ्या शेजाऱ्याला ती समजावून सांगावी लागत नाही.

पण आशीर्वाद घेऊन माणूस एकटाच निघून जातो. संगत जमते ती वेगळ्या कारणानं. इटलीतल्या कास्तेल्लात्सो बोरमिदा या गावी दुसरं महायुद्ध संपल्या संपल्या मोटारसायकलवाले मारियेच्या देवळाशी गोळा व्हायला लागले, आणि १९४७ साली बाराव्या पायस पोपनी तिथल्या मारियामातेला मोटारसायकलस्वारांची आश्रयदाती जाहीर केलं. दर उन्हाळ्यात तिथे अजूनही मिस्सा होते आणि बाहेर इंजिनं घरघरत असतात. ही यात्राच आहे. आपल्याकडे वारीला जाणाऱ्याला पुण्याबरोबर दिंडीतली माणसंही हवी असतात, तसंच तिथेही.

खरं वळण मात्र लंडनमध्ये आलं. पूर्व लंडनच्या हॅकनी विकमध्ये १९५९ साली जॉन ओट्स या तरुण पाळकानं मुलांसाठी एक क्लब काढला. नाव फिफ्टी नाइन. त्याच पॅरिशचे फादर बिल शेरगोल्ड स्वतः मोटारसायकल चालवायचे. त्या काळी नॉर्थ सर्क्युलर रोडवरच्या एस कॅफेत चामड्याची जॅकेटं घातलेली पोरं जमायची आणि ताशी शंभर मैलांचा आकडा गाठायच्या ईर्ष्येनं रस्त्यावर सुटायची. वर्तमानपत्रांच्या लेखी ती गुंड होती. त्यांना चर्चमध्ये बोलवायचं म्हणून फादर एस कॅफेकडे निघाले, पण पहिल्या खेपेला धीर झाला नाही आणि तसेच पुढे गेले, अशी आठवण सांगतात. पुन्हा गेले. १९६२ साली खास त्या पोरांसाठी उपासना झाली, मोटारसायकली ढकलत थेट चर्चमध्ये आणून उभ्या केल्या गेल्या, आणि क्लबाचा मोटारसायकल विभाग बघता बघता फोफावला.

शेरगोल्डना यात काय साधलं? किती पोरं नियमित उपासनेला यायला लागली, हे मोजून त्यांचं काम कळणार नाही. टेबल टेनिस, चहा, गाड्यांच्या गप्पा आणि कॉलर लावलेला एक माणूस, जो इंजिनाबद्दल नुसतं ऐकून घेत नव्हता, त्यातलं त्याला कळतही होतं. पुढच्या साठ वर्षांत गाड्या आणि प्रार्थना यांना जोडणारं जे जे टिकलं, ते बहुतेक याच वाटेनं गेलं. अमेरिकेत हर्ब श्रीव या आर्कान्साच्या पाळकानं मुलाशी तुटत चाललेलं नातं सांधायला मोटारसायकल घेतली, आणि १९७५ साली त्यातून ख्रिश्चन मोटरसायक्लिस्ट्स असोसिएशन उभी राहिली.

ट्रॅकवर मात्र सगळ्यात आधी दिसला तो संदेश रंगवलेला. ब्राझीलचा आलेक्स रिबेरो १९७७ च्या मोसमात मार्च संघाकडून फॉर्म्युला वनमध्ये होता. गुण एकही नाही. पुढच्याच वर्षी स्वतःचा संघ काढून त्यानं फॉर्म्युला टूमधली न्युरबर्गरिंगची आयफेल शर्यत मारली, आणि त्या संघाचं नावच होतं ‘जीझस सेव्ह्ज रेसिंग’. सिगारेट आणि तेलकंपन्यांच्या नावांनी गाड्या भरलेल्या असायच्या, तिथे हा असा. मला स्वतःला गाडीवरच्या घोषणांचं, कुठल्याही देवाच्या असोत, फारसं कौतुक नाही. पण रिबेरोची पुढची कामगिरी मला त्या घोषणेपेक्षा मोठी वाटते. १९९९ पासून तो फॉर्म्युला वनची मेडिकल कार चालवायला लागला. पहिल्या फेरीत सगळ्या गाड्यांच्या मागून डॉक्टरांना घेऊन जायचं आणि कुणी आपटला की सगळ्यांच्या आधी तिथे पोचायचं. २००२ साली त्याच्याच देशात, इंटरलागोसला, रविवार सकाळच्या सरावात एक गाडी आपटली म्हणून त्यानं मेडिकल कार थांबवली. दार उघडतोय तोच निक हाइडफेल्डची सॉबर येऊन त्या दारावरच आदळली आणि दार उखडून घेऊन गेली. एक पाऊल बाहेर पडलं असतं तर? सुदैवानं कुणाला फार लागलं नाही.

अमेरिकेत १९८८ साली मॅक्स हेल्टन या पाळकानं मोटर रेसिंग आउटरीच ही संस्था काढली. नॅस्कार या शर्यतमालिकेचे ड्रायव्हर वर्षातले बहुतेक रविवार ट्रॅकवर असतात. चर्चला ते येणार नाहीत, तर चर्चनं तिकडे जावं, इतका साधा हिशेब. शर्यतीआधी गॅरेजच्या भागात छोटी उपासना, ज्यांना हवं त्यांनी यावं. डॅरेल वॉल्ट्रिप हा नावाजलेला ड्रायव्हर सुरुवातीपासून त्यांच्या पाठीशी होता. त्याची बायको स्टीव्ही दर शर्यतीला बायबलमधलं एक वचन कागदावर लिहून त्याच्या गाडीत चिकटवायची. एकदा डेल अर्नहार्टनं ते पाहिलं आणि माझं कुठंय म्हणून विचारलं. हा अर्नहार्ट म्हणजे समोरच्याला धक्का देऊन पुढे जाणारा, ‘इंटिमिडेटर’ या टोपणनावाचा गडी! तेव्हापासून त्याच्या काळ्या ३ नंबरच्या गाडीतही चिठ्ठी लागायला लागली. १८ फेब्रुवारी २००१ ला डेटोनाच्या शर्यतीआधी स्टीव्हीनं नीतिसूत्रांच्या अठराव्या अध्यायातलं दहावं वचन लिहून दिलं. त्याच शर्यतीच्या शेवटच्या फेरीत अर्नहार्ट भिंतीवर आदळला आणि गेला.

त्या चिठ्ठीचा उपयोग काय झाला, असं विचारणारे भेटतात. आपल्याकडे लिंबू-मिरचीबद्दल विचारतात तसंच. तिच्याकडे संरक्षक कवच म्हणून पाहिलं तर उत्तर सोपं आहे: काही झाला नाही. पण ट्रॅकवर पाळक लागतो तो अपघात टाळायला नाही, अपघातानंतर. दवाखान्यात घरच्यांसोबत कोण थांबणार, मोटरहोममध्ये बसलेल्या बायकोला बातमी कोण सांगणार. संघाचे मालक असतात, प्रायोजक असतात, पण त्या घटकेला सगळ्यांना फोन येत असतात.

ट्रॅक डेला तर अशा संगतीला भरपूर वाव. तिथे शर्यत नसते. पैसे भरायचे आणि आपल्या गटाची पाळी आली की ट्रॅकवर जायचं. गाडी धावते पंधरा-वीस मिनिटं, वाट पाहणं तासभर. लेदर सूट कमरेपर्यंत उतरवलेला, चेहरा लाल, हात अजून थरथरताहेत. मागचं चाक उचलायला पॅडॉक स्टँड लावायचा तर एकाला गाडी सरळ धरावी लागते, दुसऱ्यानं स्टँड दाबायचा. या मधल्या वेळात माणसं जे बोलतात ते घरी बोलत नाहीत: कुठल्या वळणावर भीती वाटली, मागच्या वर्षी कोण पडला, बापाचं ऑपरेशन कधी आहे. प्रार्थना करू का, असं विचारायला याहून बरी वेळ कुठली मिळणार? आणि एक सांगायला हवं, ट्रॅकवर पुण्यातली हेल्मेटसक्तीविरोधी कृती समिती चालत नाही. आरशाला जपमाळ लावून बोडक्या डोक्यानं लक्ष्मी रस्त्यावरून जाणाऱ्यालाही तिथे आधी हेल्मेटची तपासणी करून घ्यावी लागते.

पुण्याची अडचण अशी की इथे गाड्या बनतात, पण पळवायला शर्यतीचा मोठा ट्रॅक नाही. ऑस्ट्रियाच्या केटीएमच्या छोट्या ड्यूक चाकणला बजाजच्या कारखान्यात तयार होतात. त्या शर्यतीच्या वेगानं चालवायच्या तर टेंपोत घालून कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेला किंवा चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टाईला न्याव्या लागतात. चेन्नईचा रस्ता निदान सरळ आहे. कात्रजवरून साताऱ्याकडे निघालेला राष्ट्रीय महामार्ग ४८ बंगळुरूवरून थेट त्या ट्रॅकशेजारून जातो. हजारावर किलोमीटर. शनिवार-रविवार गेलाच, चर्चही गेलं.

केटीएमचं गाव माटिगहोफेन अपर ऑस्ट्रिया प्रांतात आहे. त्याच प्रांतात श्टाडल-पाउरा इथे मिव्हा या संस्थेचं ऑस्ट्रियातलं ठाणं आहे. १९२० च्या दशकात पाउल शुल्टे या जर्मन फादरचा मिशनरी मित्र आफ्रिकेत तापानं गेला. वाहन नव्हतं म्हणून त्याला वेळेत उपचार मिळाले नाहीत. त्यावरून शुल्टेंनी १९२७ साली ही संस्था काढली. दूरच्या मिशनांना, दवाखान्यांना मोटारसायकली, जीप, होड्या पुरवणं हे तिचं काम. ऑस्ट्रियातली मिव्हा दर जुलैत, सेंट ख्रिस्तोफरच्या सणाच्या सुमाराला, वाहनचालकांकडे वर्गणी मागते आणि तिचा दरही ठरलेला आहे: विनाअपघात पार पडलेल्या प्रत्येक किलोमीटरमागे एका सेंटचा दहावा भाग. पुण्याहून चेन्नईच्या ट्रॅकवर जाऊन-येऊन याचे दोन-सव्वादोन युरो होतात, म्हणजे दोनशेच्या वर रुपये. ट्रॅकवरच्या फेऱ्या यात धरायच्या की नाही, ते ज्यानं त्यानं ठरवावं.